लोकत्राता आणि लोकशंका

अतिमानवी वीरावर लोकांनी प्रेम करावे की त्याच्याविषयी शंका बाळगावी, हा प्रश्न अमेरिकेतील चित्रकथांत आरंभापासूनच आढळतो. सिगेल व शुस्टर यांचा सुपरमॅन १९३८ साली प्रकट झाला. १९३९ च्या जानेवारीतील कथेत त्याने गरिबांची गलिच्छ वस्ती जमीनदोस्त केली, ती सरकारने तेथे नवी घरे बांधावीत म्हणून. सरकारने त्याच्यावर विमाने धाडली. पण घरे बांधली गेली. १९६२ साली ली व डिटको यांनी स्पायडरमॅन निर्माण केला. १९६३ च्या एका कथेत त्याने वृत्तपत्राच्या संपादकाचा अंतराळवीर पुत्र वाचविला; तरी त्या संपादकाने त्यालाच अपराधी ठरविले.

संपादकाचा आरोप खोटा होता. परंतु म्हणून मुखवट्याआडच्या सामर्थ्याला कोणी जाबच विचारू नये काय? गणेशचतुर्थीला आपण स्यमंतकाची कथा ऐकतो. प्रत्यक्ष श्रीकृष्णावर चोरीचा आळ आला. तो रानात गेला, जांबवंताकडून मणी घेऊन आला आणि भर सभेत सारा वृत्तांत सांगून त्याने तो सत्राजिताच्या हाती दिला. शंका घेणे म्हणजे कृतघ्नता नव्हे. तिचे असे निरसन करणारा वीरच लोकांच्या प्रेमास पात्र होय, असे आम्हांस वाटते.