व्हिम: बिडाच्या तव्यासारखा टिकलेला एडिटर

बिडाच्या नव्या तव्यावर पहिलं घावन चिकटतंच. पण तवा एकदा मुरला की पिढ्यान् पिढ्या साथ देतो. कम्प्युटरच्या जगातला असाच एक तवा म्हणजे व्हिम.

नेमका काय आहे व्हिम?
साधा मजकूर आणि कोड लिहिण्याचा हा मोफत एडिटर. त्याचं मूळ ‘व्हीआय’ या एडिटरमध्ये आहे. अमेरिकेतल्या बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकताना बिल जॉय यांनी १९७६ मध्ये तो तयार केला. तेव्हाचे मोडेम इतके संथ होते, की स्क्रीनवर अक्षरं उमटायलाही वेळ लागे. म्हणून कमीत कमी बटणांत काम उरकेल अशी रचना झाली.

मग तो अवघड का वाटतो?
कारण व्हिम उघडल्यावर बटणं दाबली तर अक्षरं उमटत नाहीत, त्या आज्ञा ठरतात. दोनदा ‘डी’ दाबलं की अख्खी ओळ जाते. लिहायचं असेल तर आधी ‘आय’ दाबायचं, थांबायचं तर ‘एस्केप’. नवखे इथेच अडकतात. ‘व्हिममधून बाहेर कसं पडायचं?’ हा स्टॅक ओव्हरफ्लोवरचा प्रश्न २०१७ पर्यंत १० लाखांहून जास्त वेळा पाहिला गेला होता. उत्तर सोपं आहे: एस्केप, कोलन, क्यू, एंटर. केलेले बदल ठेवायचे नसतील, तर क्यूनंतर उद्गारचिन्ह.

इतकी वर्षं टिकला कसा?
नेदरलँड्सच्या ब्रॅम मूलेनार यांनी १९९१ मध्ये व्हिम लोकांसाठी खुला केला आणि तीस वर्षांहून जास्त काळ सांभाळला. पैसे मागितले नाहीत. आवडला तर युगांडातल्या मुलांना मदत करा, एवढंच आवाहन केलं. ३ ऑगस्ट २०२३ रोजी त्यांचं निधन झालं. आता हा तवा कोण सांभाळणार, हा प्रश्न खरा होता. पण कोड खुला होता आणि त्यावर हात बसलेली माणसंही होती. जानेवारी २०२४ मध्ये स्वयंसेवकांनी ९.१ ही आवृत्ती आणली आणि ती ब्रॅम यांनाच अर्पण केली.

आज शिकावा का?
रोजच्या कामाला नॉनस्टिकसारखे सोपे एडिटर आहेतच. पण दूरच्या सर्व्हरवर काम करताना अनेकदा व्हीआय किंवा व्हिमच हाताशी असतो. व्हिमसोबत येणारा ‘व्हिमट्यूटर’ हा धडा साधारण अर्ध्या तासाचा आहे. पहिलं घावन चिकटेल, एवढी तयारी मात्र हवी.