वारा सरेपर्यंत उपास

श्रोतेहो, नागपूरच्या कोणत्याही मोठ्या इस्पितळाच्या ओसरीत पाहा, पोट चिरून बाळंत झालेल्या सुनेबद्दल आजीबाई एकच विचारीत असतात, "वारा सरला का?" तो सरेपर्यंत घोटभर पाणीही द्यायचे नाही, ही त्यांची खात्री. पण ही समजूत आजीबाईंची नव्हे बरे का, ती डॉक्टरांचीच!

१८८२ साली जर्मनीत मॅक्स सेंगर यांनी गर्भाशयाची चीर नीट शिवण्याची रीत सांगितली, तेव्हापासून अशा शस्त्रक्रियेतून आया वाचू लागल्या. मात्र पोट उघडले की आतडी काही काळ थबकतात. १९०६ साली अमेरिकेत कॅनन व मर्फी यांनी जनावरांवर प्रयोग करून दाखविले, की आतडी हाताळली की त्यांची हालचाल मंदावते. मग भीती पडली, खाल्ले तर ओकारी होईल, टाके उसवतील. म्हणून उपास, आणि दिवसच्या दिवस उताणे पडून राहणे.

शिकागोचे एमिल रीस यांनी १८९९ मध्येच रोग्यांना लवकर उठवा असे सांगितले होते. कोणी ऐकले नाही. पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्त गोठते आणि बाई दगावू शकते, हे पटायला पुढची चाळीसेक वर्षे गेली. १९४७ साली नागपुरात सरकारी मेडिकल कॉलेज निघाले, त्या सुमारास हा वाद रंगात होता.

आता कळले आहे, की लहान आतडे काही तासांतच कामाला लागते. मोठ्याला दोन-तीन दिवस लागतात. वारा मोठ्यातून येतो, मग त्याची वाट पाहत लहानाला उपाशी का ठेवायचे? गुंतागुंत नसेल तर डॉक्टर काही तासांतच पाणी, पेज, मऊ भात देऊ लागतात आणि त्याच दिवशी धरून चालवतात. नुसते चघळले तरी आतड्यांना अन्न आल्याचा निरोप पोचतो. २०१६ सालच्या एका आढाव्यात च्युइंगम चघळणाऱ्या बायकांना वारा सुमारे ७ तास आधी सरलेला दिसला. पुरावा मात्र अजून पक्का नाही. आपली जेवणानंतरची बाळंतशेप आठवली ना? तिची अशी परीक्षा झाल्याचे मात्र माझ्या वाचनात नाही.

गुरुजी, गावात एवढे जरूर सांगा: पोट ताठ फुगले, सारख्या ओकाऱ्या होऊ लागल्या किंवा ताप चढला, तर घरी एरंडेल पाजू नका, बाळंतिणीला तडक इस्पितळात न्या.