वाट पाहण्याची मशागत

मृग नक्षत्र लागलं की आमच्या कन्नड तालुक्यात जो तो आभाळाकडे पाहू लागतो. नांगरट झालेली असते, वखराच्या पाळ्या घालून झालेल्या असतात, बियाणं घरात येऊन पडलेलं असतं. माणसाच्या हातचं संपलेलं असतं. उरते ती वाट पाहणं.

बायबलच्या नव्या करारात याकोबाचं एक पत्र आहे. छळाला कंटाळलेल्या माणसांना धीर देताना तो याच शेतकऱ्याचा दाखला देतो. शेतकरी जसा पहिल्या आणि शेवटच्या पावसासाठी थांबतो, तसं प्रभूच्या येण्यापर्यंत थांबा, असं त्याचं सांगणं. पुढे तो ईयोबाची आठवण करून देतो. आम्ही त्यांना हजरत अय्यूब म्हणतो. घरात कुणी त्रागा केला की माझी आई अय्यूब नबींचा सब्र आठवायला सांगायची. त्यामुळे हे पत्र मला परकं वाटलं नाही.

नाताळाआधीचे चार रविवार ख्रिस्ती मंडळी आगमनकाळ म्हणून पाळतात. ही प्रतीक्षा मराठी ओवीत फार लवकर आली. इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलं गेलं. त्याचे दोन भाग आहेत. पहिला सगळा तारणाऱ्याच्या जन्माआधीचा, म्हणजे पिढ्यानपिढ्या वाट पाहणाऱ्यांचा.

पण मला या संदर्भात आठवतात त्या लक्ष्मीबाई टिळक. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार उघड्यावर पडला. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातेवाइकांकडे राहिल्या. त्या वाट पाहत होत्या ती नवऱ्यानं स्वधर्मात परत येण्याची. पुढे त्या टिळकांकडे आल्या, तरी सोवळं सोडलं नव्हतं, चूल वेगळी होती. टिळकांनी धर्माची सक्ती केली नाही. त्यांनीही वाट पाहिली. लक्ष्मीबाई स्वतः विचार करून ख्रिस्ती झाल्या त्या १९०० साली. दोघं एकमेकांची वाट पाहत होते, पण दोघांच्या आशा उलट दिशेच्या होत्या. अशा वेळी सक्ती न करणं हाच धीर.

दुसरी प्रतीक्षा याहून लांबची. टिळकांनी ख्रिस्तचरित्र ओवीत लिहायला घेतलं होतं, ‘ख्रिस्तायन’. दहा-अकरा अध्याय झाले आणि ९ मे १९१९ रोजी ते गेले. पोथी अपुरी राहिली. ती पुरी करायला पुढे आल्या लक्ष्मीबाई. त्यांनी शाळा पाहिली नव्हती. अक्षरओळख लग्नानंतर टिळकांनीच करून दिलेली. त्यांनी मागे आणखी ६४ अध्याय लिहिले. मधल्या काळात वैधव्य होतं, कराचीपर्यंतची स्थलांतरं होती, ‘स्मृतिचित्रे’चं लेखनही होतं. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या. ‘ख्रिस्तायन’ छापून आलं १९३८ साली. ते पुस्तक त्यांच्या हाती पडलंच नाही.

आम्ही कवी मंडळी दोन महिन्यांत संपादकाचं पत्र आलं नाही की रुसतो. मीही रुसलो आहे. अशा वेळी या बाईंची आठवण झाली की ओशाळल्यासारखं होतं.

सबुरी म्हणजे हातावर हात ठेवून बसणं, असा आपला समज असतो. याकोबाचा शेतकरी तसा बसलेला नाही. त्याचं रान तयार आहे. लक्ष्मीबाईही बसल्या नाहीत, एकेक अध्याय करत राहिल्या. श्रद्धा ख्रिस्ती असो, माझ्या आईची असो की माझ्या शेजारच्या वारकऱ्याची, वाट पाहण्याची रीत एकच दिसते. आपल्या वाट्याची मशागत करून ठेवायची. पाऊस पाहायला आपण नसलो, तरी पेरणारं कुणीतरी असतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)