तिथी सांगण्याचा अधिकार

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मागे वळून पाहताना एक साधा प्रश्न मनात येतो. ‘आज तिथी कोणती?’ हे सांगण्याचा अधिकार कोणाचा?

एके काळी तो निःसंशय गावच्या जोशीबुवांचा होता. पंचांग हस्तलिखित, ज्याच्याजवळ त्याची प्रत, त्याचाच शब्द अखेरचा. १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी छापील पंचांग काढले आणि या मक्तेदारीला पहिला तडा गेला. ते सोवळ्यात चालावे म्हणून त्यांनी शाईत चरबीऐवजी तूप वापरले, असे सांगतात. पुढे केरो लक्ष्मण छत्रे यांनी प्रत्यक्ष आकाशाशी जुळणाऱ्या गणिताचा आग्रह धरला, लोकमान्य टिळकांनी त्या पक्षाचा पुरस्कार केला, आणि पंचांगकर्त्यांतच तट पडले. येथील तमिळ शेजाऱ्यांतही ‘वाक्य’ व ‘तिरुकणित’ असे दोन पक्ष आहेतच.

स्वतंत्र भारताच्या सरकारनेही हा अधिकार आजमावून पाहिला. डॉ. मेघनाद साहा समितीच्या शिफारशीनुसार २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. केंद्र सरकारच्या सेवेत हयात घालवूनही आम्हांस कबूल केले पाहिजे की, राजपत्रावरील तो शक दिनांक आमच्या स्वयंपाकघरात कधी शिरला नाही. तेथे सत्ता चालली ती जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या ‘कालनिर्णय’ची!

वेलचेरीत राहूनही आमच्या घरची वडीलधारी मंडळी संकष्टीचा उपास मुंबईच्या चंद्रोदयावर सोडीत. वस्तुतः चेन्नई मुंबईच्या पूर्वेस सुमारे साडेसात अंश रेखांशावर असल्याने येथे चंद्र साधारण अर्धा तास आधीच उगवतो. आज नातवंडे भ्रमणध्वनीवर वेलचेरीचाच चंद्रोदय पाहून सांगतात. आजींचा अर्धा तास वाचला, हे चांगलेच झाले.

परंतु गोकुळाष्टमीला दोन भ्रमणध्वनी दोन दिवस दाखवितात, तेव्हा घरात गोंधळ उडतो. स्मार्त व भागवत हा भेद समजावून सांगणारे कोणी जवळ नसते. जोशीबुवा चुकले, तर त्यांना ओसरीवर गाठून जाब विचारता येत असे. यंत्र उत्तर देते, जबाबदारी घेत नाही.

जुन्या अधिकाराचा अस्त झाला, याचे आम्हांस दुःख नाही. विचारल्यावर कारण सांगणारे माणूस मात्र हवे. दूरदेशी असलेल्या आपल्या मुलांसाठी मंडळाने ते काम पत्करावे, हीच या शुभप्रसंगी आमची विनंती.