गीताची पहिली आवृत्ती

मराठी काव्यसमीक्षेने गीताचे मूल्यमापन करताना बहुधा एकच कसोटी वापरली आहे : चाल काढून घेतल्यावर कागदावर काय उरते? ही कसोटी वरकरणी निःपक्षपाती वाटते. परंतु छापील पाठ हाच मूळ पाठ आणि गायन हा त्यावरील नंतरचा संस्कार, असे गृहीतक तिच्यात दडलेले आहे. आधुनिक मराठी गीताचा प्रकाशनेतिहास या गृहीतकाला दुजोरा देत नाही.

ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांच्या आवाजात १९३२ साली ध्वनिमुद्रित झाली. तिचेच नाव धारण करणारा संग्रह निघाला तो १९५४ साली. मधल्या बावीस वर्षांत ही कविता ग्रंथाच्या नव्हे, तर तबकडीच्या आधारे लोकांपर्यंत गेली. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गायन मावत असे. कडवी किती घ्यावयाची, ध्रुपद किती वेळा आळवावयाचे, हे या मर्यादेतच ठरवावे लागे. म्हणजे तबकडी ही केवळ वाहक नव्हती. भावगीताचा रूपबंध घडविणारी ती एक शक्ती होती.

याच काळात कवितेविषयीची अभिरुची मात्र विरुद्ध दिशेने सरकत होती. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) नंतर एकांतात, पुनःपुन्हा वाचावयाची कविता हाच कवितेचा आदर्श ठरत गेला. स्वतः मर्ढेकर आकाशवाणीच्या सेवेत होते, ही गोष्ट या संदर्भात अर्थपूर्ण आहे. जे माध्यम गीताला घरोघरी नेत होते, त्याच्या निकट वावरणाऱ्या कवीचे काव्य डोळ्यांनी वाचण्याच्या संस्कृतीचे मानदंड ठरले.

या दोन प्रवाहांतील ताण ग. दि. माडगूळकरांच्या ‘गीतरामायणा’त स्पष्ट दिसतो. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून या मालिकेस प्रारंभ झाला आणि वर्षभरात छप्पन्न गीते प्रसारित झाली. संगीत सुधीर फडके यांचे होते. परंतु माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक, ललिता फडके असे निरनिराळे गायक त्यात होते. १९५७ साली केंद्र शासनाच्या प्रकाशन विभागाने ती गीते ग्रंथरूपाने आणली. पुढे फडके यांनी एकट्याने ती अनेक मैफलींतून गायिली.

हे एकाच कृतीचे तीन पाठ आहेत. नभोवाणीवरील पाठ नाट्यात्म आहे : पात्रे बदलतात तसे कंठ बदलतात. ग्रंथात हे कंठ लोपतात आणि कवीचा एकच निवेदक स्वर उरतो. मैफलीत एकच गायक सर्व पात्रे पेलतो आणि कृती कीर्तनपरंपरेच्या जवळ जाते. भरताची समजूत घालणाऱ्या रामाच्या गीतात ध्रुपद कडव्यामागून परत येते. वाचणारा डोळा ते ओलांडून पुढे जातो. ऐकणाऱ्यास मात्र प्रत्येक कडवे हे एकेक प्रमाण आणि ध्रुपद हा त्याचा निष्कर्ष असे जाणवते. ‘पुनरुक्ती’ हा आक्षेप छापील पाठावर घेता येईल. श्राव्य पाठात तीच युक्तिवादाची रीत आहे.

गीतकारांवरील आपली बहुतेक पुस्तके आठवणी व रसग्रहण यांतच रमतात. गीत कसे सुचले याचे किस्से त्यांत मिळतात. कोणत्या पाठाचे रसग्रहण चालले आहे, हा प्रश्न सहसा उपस्थित होत नाही. ओवी-अभंगांच्या बाबतीत गेयता आपण न्यून मानीत नाही, कारण तिथे काळाने अंतर निर्माण केले आहे. विसाव्या शतकातील गीताला तोच न्याय द्यावयाचा तर तबकडीचे वर्ष, प्रसारणाची तारीख, गायक आणि वगळलेली कडवी यांची नोंद हस्तलिखितांतील पाठभेदांइतक्याच काटेकोरपणे करावी लागेल. ते होत नाही तोवर गीतावर दिला जाणारा दुय्यमत्वाचा निर्णय हा त्याच्या उत्तरकालीन आवृत्तीवरचा निर्णय राहील; पहिली आवृत्ती अवाचितच राहील.