टेलिप्रिंटरचा वारसा आणि आठवे घर

तार हा शब्द ऐकताच ज्यांच्या छातीत अजूनही धस्स होते, अशी मंडळी आपल्या मंडळात बरीच आहेत. घरापासून हजार-बाराशे मैलांवर राहणाऱ्या कुटुंबाला तार म्हणजे बहुधा वाईट वर्तमान. क्वचित कोणाला मुलगा झाल्याचे. मराठी माणसाने मराठी माणसाला धाडलेला तो मजकूर हाती येई तो बहुतेक वेळा रोमन लिपीत, ठळक मोठ्या अक्षरांत. मोठ्या तारघरांत तो ज्या यंत्रावर उमटे ते यंत्र टेलिप्रिंटर. १९६० साली मद्रासला हिंदुस्थान टेलिप्रिंटर्स हा सरकारी कारखाना निघाला आणि ही यंत्रे आपल्या देशातच तयार होऊ लागली. २०१३ च्या जुलै महिन्यात भारतातील तारसेवा बंद झाली, आणि त्या यंत्राचा अवतार संपला असे आपण सर्वांनी मानले.

वस्तुतः तो संपलेला नाही. आज जगातील असंख्य संगणकांच्या पोटात टेलिप्रिंटरचे भूत नांदत आहे, आणि ते भूत मराठी अक्षरांना कसे वागवत आले याची हकीकत सुवर्णमहोत्सवी अंकाच्या वाचकांपुढे ठेवावी, असे आम्हांस वाटले. विषय किंचित रुक्ष आहे. परंतु आठवणी व सत्कार यांच्यामध्ये एखादा रुक्ष लेख असावा, ही स्मरणिकांची जुनी रीतच आहे.

टेलिप्रिंटर म्हणजे एका पेटीत बसवलेली दोन यंत्रे, एक कळफलक आणि दुसरे छपाईयंत्र. दोहोंचा एकमेकांशी थेट संबंध असलाच पाहिजे असे नाही. अमेरिकेतील टेलिटाइप कंपनीने १९६३ साली बाजारात आणलेले ‘मॉडेल ३३’ हे यंत्र संगणकाला जोडण्यासाठी फार वापरले गेले. त्याची कळ दाबली की अक्षराचा संकेत तारेने संगणकाकडे जाई, आणि संगणकाने तो परत धाडला तरच कागदावर अक्षर उमटे. आपण टंकलेले आपल्यास दिसते ते संगणकाच्या मेहेरबानीने. परवलीचा शब्द लिहिताना पुष्कळदा काहीच उमटत नाही, त्याचे मूळ याच व्यवस्थेत आहे. तेवढ्यापुरता संगणक आपला प्रतिध्वनी बंद ठेवतो.

हे यंत्र सेकंदाला दहा अक्षरे छापी. ओळ संपल्यावर छपाईचे मुंडके उजव्या टोकापासून डाव्या टोकापर्यंत परत यावयास एका अक्षराच्या अवधीहून अधिक वेळ लागे. तेवढ्यात पुढचे अक्षर आले तर ते वाटेतच कोठेतरी उमटे. म्हणून ओळ संपताना दोन आज्ञा देण्याची पद्धत होती. ‘मुंडके मागे घे’ ही पहिली, ‘कागद वर सरकव’ ही दुसरी. दुसरी आज्ञा पाळली जात असताना पहिलीला उसंत मिळे. त्या दोन आज्ञांचे संकेत आजही लक्षावधी फायलींत प्रत्येक ओळीच्या शेवटी जोडीने बसलेले असतात, जरी मागे घ्यावयास मुंडके कोठेच उरलेले नाही.

आता संगणकाच्या आतील बाजूकडे वळू. १९६९ साली न्यू जर्सी येथील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्स नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा आरंभ केला. अशा सिस्टिमच्या सर्वांत आतील भागास इंग्रजीत कर्नल म्हणतात. हा फौजेतला कर्नल नव्हे. आम्ही त्याला गाभा म्हणू. जुन्या वाड्याच्या धन्याप्रमाणे सर्व सत्ता गाभ्याच्या हाती असते, परंतु दारावर आलेल्या प्रत्येकाशी तो स्वतः बोलत नाही. त्यासाठी देवडीवर माणसे बसवलेली असतात. एक तबकडीशी बोलणारा, एक छपाईयंत्राशी, एक टर्मिनलशी. या देवडीवरच्या माणसांना ड्रायव्हर असे नाव आहे.

धनी आणि देवडी यांच्यातील बोलण्याची रीत ठरवण्यात रिची आणि थॉम्पसन यांचे मोठेपण दिसते. त्यांनी प्रत्येक उपकरणाला फाइलचे रूप दिले. प्रोग्रामने टर्मिनल उघडावे, त्यातून वाचावे, त्यावर लिहावे. पलीकडे कागद आहे की तबकडी, याची उठाठेव त्याने करू नये. आपले मंडळ उभे राहत होते त्याच सुमारास, १९७५ च्या मे महिन्यात, युनिक्सची सहावी आवृत्ती बाहेर पडली. तिच्या गाभ्यात एक छोटा तक्ता आहे. टर्मिनलसारख्या, अक्षर अक्षर घेणाऱ्या प्रत्येक उपकरणाची त्यात एक ओळ, आणि प्रत्येक ओळीत पाच नोंदी: उघडण्यासाठी कोणाला बोलवावे, मिटण्यासाठी कोणाला, वाचण्यासाठी, लिहिण्यासाठी, आणि टर्मिनलच्या तऱ्हा ठरवण्यासाठी कोणाला. उपकरणाला दोन क्रमांक असत. पहिल्यावरून तक्त्यातील ओळ सापडे, दुसऱ्यावरून त्या जातीचे कितवे यंत्र ते कळे. वरून खाली जाणारा सारा व्यवहार या पाच दारांतून होई.

खालून वर येणारा व्यवहार मात्र वेगळा. कळ केव्हा दाबली जाईल हे धन्याला ठाऊक नसते. म्हणून प्रत्येक कळीसरशी यंत्र संगणकाला हटकते. चालू काम क्षणभर बाजूला ठेवून ड्रायव्हर ते अक्षर उचलतो, रांगेत लावतो, प्रतिध्वनीसाठी उलट धाडतो आणि संगणकास त्याच्या पहिल्या कामावर सोडून देतो. सहाव्या आवृत्तीत प्रत्येक टर्मिनलच्या तीन रांगा होत्या. एक कच्च्या अक्षरांची, दुसरी शुद्ध केलेल्या ओळींची, तिसरी छपाईसाठी निघालेल्या अक्षरांची. वाचू पाहणारा प्रोग्राम ओळ पुरी होईपर्यंत निजून राही. ओळ संपवणारी कळ दाबली गेली की ड्रायव्हर त्याला जागे करी.

कच्च्याचे शुद्ध करणे म्हणजे काय? टंकताना चूक होणारच, आणि कागदावर छापले गेलेले अक्षर पुसता येत नाही. म्हणून # हे चिन्ह टंकले की मागचे अक्षर रद्द, @ टंकले की अवघी ओळ रद्द, असा संकेत होता. चुकीचे अक्षर व त्यामागचे # कागदावर तसेच दिसत राही. खाडाखोड लक्षात घेऊन शुद्ध ओळ बांधण्याचे काम प्रोग्राम ती मागावयास येई तेव्हा होई. मजकुरात खरोखरीच # हवा असेल तर त्याआधी उलटी तिरपी रेघ द्यावी लागे.

छपाईच्या रांगेत पन्नासांहून अधिक अक्षरे तुंबली की लिहिणाऱ्या प्रोग्रामला निजवावे, तीस उरली की जागे करावे, असेही आकडे बांधून दिलेले होते. आणि कच्च्या रांगेत २५६ अक्षरे साठली व कोणीच ती वाचली नाहीत, तर ड्रायव्हर ती सगळीच्या सगळी टाकून देई. आम्हांला हे थोडे निष्ठुर वाटते. परंतु त्या काळची संगणकाची स्मृती किती तोकडी होती, हे ध्यानी घेतले म्हणजे राग येत नाही.

हे सारे तपशील जगाला कळले ते एका प्राध्यापकामुळे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या जॉन लायन्स यांनी सहाव्या आवृत्तीच्या गाभ्याची संपूर्ण संहिता छापून १९७७ साली तिच्यावर ओळीओळीने भाष्य लिहिले. आपल्याकडे ग्रंथावर टीका लिहिण्याची परंपरा आहे, त्या जातीचे हे काम. १९७९ च्या सातव्या आवृत्तीबरोबर मालक कंपनीने अशा अध्यापनाला मनाई केली, आणि मग या भाष्याच्या प्रतींवरून प्रती, त्यांवरून आणखी प्रती निघत राहिल्या. ते उघडपणे ग्रंथरूपात प्रसिद्ध झाले १९९६ साली.

या संहितेतील एक बारकावा आपल्या विषयाचा कणा आहे. संगणक प्रत्येक अक्षर आठ घरांत ठेवतो, आणि प्रत्येक घरात शून्य किंवा एक असतो. अमेरिकन अक्षरसंकेताला सातच घरे पुरत, कारण त्यांतून १२८ चिन्हे होतात आणि इंग्रजीला तेवढी भरपूर. आठवे घर रिकामे राही. म्हणून तारेवरून जाताना त्यात पडताळ्याची खूण भरत. पण ड्रायव्हरने त्याचा आणखी एक उपयोग केला होता. मुंडके परत येईपर्यंत थांबावयाचे असेल तेव्हा तो छपाईच्या रांगेत अक्षराऐवजी ‘थांबा’ अशी चिठ्ठी टाकी. अक्षर व चिठ्ठी यांतला भेद कळावा म्हणून चिठ्ठीच्या आठव्या घरात एक असे, आणि उरलेल्या सातांत किती वेळ थांबावयाचे तो आकडा. त्यामुळे आठवे घर भरलेले अक्षर त्या रांगेत असूच शकत नव्हते. आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या प्रत्येक अक्षराचे आठवे घर ड्रायव्हर आधी पुसून कोरे करी.

यात कोणाचा दुष्टावा नव्हता. न्यू जर्सीत बसून काम करणाऱ्या त्या दोघांपुढे जे यंत्र होते, त्याला एका जातीची अक्षरे ठाऊक होती. परंतु हा निर्णय अशा जागी घेतला गेला होता की वरच्या प्रोग्रामला त्याचा पत्ताही लागू नये.

पुढील इतिहास थोडक्यात सांगतो. कागद गेला व काच आली. १९७८ साली डिजिटल कंपनीचे ‘व्हीटी १००’ हे टर्मिनल निघाले आणि त्याच्या आज्ञा इतक्या रूढ झाल्या की आजचे पडदेही त्याच पाळतात. काचेवर अक्षर खरोखर पुसता येऊ लागले. एक घर मागे, एक कोरी जागा, पुन्हा एक घर मागे, अशी तीन पावले टाकून ड्रायव्हर ते पुसतो. बर्कली येथील विद्यापीठात १९८० च्या सुमारास चालू काम मध्येच थोपवून ठेवण्याची कळ आली. पाठोपाठ खोट्या टर्मिनलांची युक्ती रुळली. एका टोकाला प्रोग्राम आणि दुसऱ्या टोकाला माणसाऐवजी दुसरा प्रोग्राम. मधल्या ड्रायव्हरला वाटते की समोर टेलिप्रिंटरच आहे. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा पाया घातला, तोही विद्यापीठाच्या संगणकाशी बोलण्यासाठी लिहिलेल्या टर्मिनलच्या प्रोग्राममधून. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनच्या पोटी हाच लिनक्सचा गाभा आहे आणि त्यात टर्मिनलची ही व्यवस्था शाबूत आहे. तिच्या वाटेला मोठमोठे जाणकारही जपून जातात. ॲलन कॉक्स यांच्यासारख्या अनुभवी माणसाने २००९ साली एका वादानंतर तिची देखभाल सोडली.

आता आपली अक्षरे. भारतीय लिप्यांसाठी इस्की हा अक्षरसंकेत तयार झाला आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने त्यास मान्यता दिली. १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेने त्यावर आधारलेली साधने देशभर पोचवली. इस्कीची रचना शहाणपणाची होती. खालच्या १२८ जागा इंग्रजीला जशाच्या तशा ठेवून वरच्या जागांत भारतीय वर्ण बसवले होते. म्हणजे नेमके आठवे घर भरलेले! ‘म’चा क्रमांक २०४. आठवे घर कापले की त्यातून १२८ वजा होतात व उरतात ७६, म्हणजे रोमन ‘एल’. ‘र’चा होतो ‘ओ’. ‘मराठी’ हा शब्द अशा वाटेने गेला की पलीकडे एल, ओ, झेड आणि दोन निरर्थक चिन्हे उमटतात. एका कचेरीत देवनागरी नावांची यादी दूरच्या टर्मिनलवर अशीच उमटलेली आम्ही पाहिली आहे. ज्यांची नावे होती ती माणसे समोर उभी होती, आणि कारकून त्यांना म्हणत होता की तुम्ही या यादीत नाही. आठवे घर कापावे की राखावे, हे ड्रायव्हरला सांगण्याची सोय तोवर झाली होती, १९८८ च्या पॉझिक्स मानकात ती नोंदलीही गेली होती. परंतु ती कळ फिरवावयाची असते हे त्या कचेरीत कोणाला माहीत नव्हते.

पुढे युनिकोड आले, आणि १९९२ च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतील एका खाणावळीत रात्रीच्या जेवणाच्या वेळी, ताटाखालच्या कागदावर, रॉब पाइक यांच्यासमवेत यूटीएफ-८ या पद्धतीचा आराखडा मांडणारे गृहस्थ पुन्हा केन थॉम्पसनच होते. आठवे घर कोरे असेल तर जुने इंग्रजी अक्षर, भरलेले असेल तर जगातील दुसऱ्या एखाद्या लिपीच्या अक्षराचा तुकडा. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला असे तीन तुकडे लागतात. पण देवडीवरचा माणूस अजून जुन्या वळणाचा होता. खोडण्याची कळ दाबली की तो एकच तुकडा काढी आणि दोन तुकड्यांचे मढे मागे राही. २००४ साली लिनक्सच्या गाभ्यात एक नवी खूण आली. ती लावली की ड्रायव्हर तुकड्यांऐवजी सबंध चिन्ह काढतो.

सबंध चिन्ह, सबंध अक्षर नव्हे. आमच्या नातीचे नाव मुक्ता. आपल्या कानाला त्यात दोन अक्षरे आहेत, मुलांच्या अंकलिपीलाही दोनच. गाभ्याच्या हिशेबी ती सहा चिन्हे होतात: म, उकार, क, हलंत, त, काना. काळ्या पडद्यावर ते नाव टंकून ती खोडण्याची कळ दाबत होती. प्रत्येक चिन्हामागे ड्रायव्हर एकेक घर मागे सरके. परंतु उकार व हलंत यांना पडद्यावर स्वतंत्र घर नसते. चार कळांतच नाव दिसेनासे झाले आणि ती थांबली. रांगेत मात्र ‘म’ आणि उकार अजून शिल्लक होते. तिने ओळ संपवणारी कळ दाबली, आणि प्रोग्रामने ‘मु’ नावाची फाइल सापडत नाही असे उत्तर दिले. तिने आमच्याकडे पाहिले. आम्ही चष्मा काढला आणि तिला मॉडेल ३३ ची गोष्ट सांगावयास बसलो.