संगमावरील इंग्रज रेसिडेन्सी, पुणे

पेशवे दरबारातील ईस्ट इंडिया कंपनीच्या रेसिडेंटचे, म्हणजे कायम वकिलाचे, निवासस्थान व कचेरी. ती मुळा-मुठा संगमाकाठी होती. पहिला रेसिडेंट चार्ल्स मॅलेट 1786 मध्ये पुण्यात आला आणि शहरातील दाटीची जागा सोडून त्याने येथे जमीन मिळवली. शनिवारवाडा दीड-दोन किलोमीटरवर. त्यामुळे दरबारी जाणे-येणे सोयीचे आणि पेठांतल्या नजराही दूर.

पुणेरी वाड्यात दिंडी, चौक, ओसरी, दिवाणखाना, माजघर असे टप्पे असतात. कोणी कुठवर यायचे हे त्या टप्प्यांवरच ठरे. संगमावर ते काम मोकळ्या जागेवर सोपवले होते. मॅलेटच्या काळात येथे राहिलेला लष्करी अधिकारी डेव्हिड प्राइस सांगतो, की मुख्य घराखेरीज डॉक्टर, रक्षकदलाचा प्रमुख अशा प्रत्येकाला स्वतंत्र बंगला होता. शिवाय नोकरांची घरे, 40–50 घोड्यांची पागा, हत्तींसाठी जागा आणि सफरचंद-पीचची बाग.

ही विखुरलेली मांडणी चालली, कारण मोठ्या समारंभांचा भार रेसिडेन्सीवर नव्हता. टिपूविरुद्धच्या 1790 च्या तहाचा प्रसंग टॉमस डॅनियलने रंगवला आहे तो पेशव्यांच्या दरबारातला. रेसिडेंटचे रोजचे काम पत्रव्यवहार, बातम्या आणि मोजक्या भेटींचे होते. हैदराबादेत तेथील रेसिडेंट जेम्स कर्कपॅट्रिकने उलट मार्ग धरला. 1800 नंतरच्या दशकात तेथे भव्य दरबार दालनाची इमारत उठली आणि पत्नी खैरुन्निसासाठी आवारातच वेगळा रंगमहाल बांधला गेला. खाजगी व सरकारी आयुष्याची इतकी स्पष्ट फाळणी पुण्यात दिसत नाही, पण राहायला पुण्याची जागाच अधिक सुखाची असावी.

तिचा दोष संरक्षणाचा. तटबंदीवाचून विखुरलेले बंगले लढवता येणे शक्य नव्हते. 5 नोव्हेंबर 1817 रोजी विठोजी नाईक गायकवाड पेशवे दुसऱ्या बाजीरावाचा अखेरचा निरोप घेऊन येथेच आले. बोलणी फिसकटल्यावर रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन रक्षकदलासह कंपनीच्या खडकीतील फौजेकडे निघून गेला. मागोमाग मराठ्यांनी रेसिडेन्सी पेटवली. एल्फिन्स्टनचा ग्रंथसंग्रह व कागदपत्रेही त्यात गेली. प्राइसच्या वर्णनाचे मोल त्यामुळे फार मोठे आहे.